वरचा मजला कोरडा

चोंग किम होक यांनी वरच्या मजल्याच्या भिंतीला पालथा हात लावला. भिंत कोरडी होती. खांबावरच्या आर्द्रतामापकाचा काटा साठ टक्क्यांच्या खाली होता. समाधान वाटायला हवे होते. बायको गेल्यापासून अशा गोष्टी त्यांना वाटत नसत, नुसत्या कळत.

"अंकल, आता तरी खाली या!" जिन्यातून सफाईवाली रोहाया ओरडली. "गिऱ्हाईक दारात येईल आणि तुम्ही भिंत कुरवाळत बसाल. बायकोला कधी एवढं जपलं होतं का?"

"नाही," चोंग म्हणाले.

रोहायाने जीभ चावली आणि बादली उचलून ती खाली गेली.

मलेशियातल्या सितियावान गावाच्या भर बाजारातले हे कापडाचे मोठे दुकान बंद होऊन वर्ष लोटले होते. माल गेला, नोकर गेले. वातानुकूलन यंत्र मात्र चालू होते. इथल्या हवेत बंद इमारत बघता बघता बुरसटते आणि बुरसटलेल्या इमारतीला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून मालकांनी चोंग यांना ठेवले होते. ते यंत्राच्या मागच्या खोलीतच राहत.

चिनी नववर्षापर्यंत सौदा झाला नाही, तर वीज तोडायची, असे मालकांनी कळवले होते. मग चोंग यांना जोहोरला मुलाकडे जावे लागणार होते. सुनेने त्यांच्यासाठी बाल्कनीत खाट टाकायचे ठरवले होते. वाईट नव्हती ती. घरात जागाच तेवढी होती.

"बघायला येणाऱ्या बाईंना एकाच गोष्टीची काळजी आहे, अंकल," दलाल रवीचंद्रन फोनवर म्हणाला होता. "हवेतला ओलावा. इमारत घेतली, तर तो सांभाळणारा माणूस त्या कायमचा ठेवणार आहेत. खोलीसकट."

"त्यांचा धंदा कसला?"

"ते विचारू नका. तुम्ही तुमचं काम दाखवा."

त्या फोननंतर तंत्रनिकेतनात शिकलेल्या क्रमाने चोंग कामाला लागले होते. वरच्या मजल्याची ओल तेवढी तोवर कधीच ताळ्यावर आली नव्हती. त्यांनी छताच्या भेगा बुजवल्या. थंड पाण्याच्या नळ्यांची जाळी घासून काढली. पंख्याचा वेग उतरवला. हवा जाळीवरून सावकाश गेली की अंगातले पाणी तिथेच टाकते. घाई करणारे नुसती थंडी वाढवतात आणि मग खोली गारही होते, चिकटही राहते. शेवटी त्यांनी सगळ्या भिंतींना आतून जलरोधक लेप दिला. काम उत्तम झाले होते. हे त्यांना कळत होते.

लिंग सिऊ एंग बाई दुपारची सर ओसरल्यावर रवीचंद्रनबरोबर आल्या. पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी स्वतःचा आर्द्रतामापक काढला. प्रत्येक मजल्यावर त्या थांबत, आकडा पाहत आणि मग बराच वेळ छताकडे पाहत राहत. गळतीच्या खुणा शोधत असाव्यात, असे चोंग यांना वाटले. वरच्या मजल्यावर शोधायला एकही खूण उरली नव्हती.

"इथे पूर्वी ओल होती का हो?" बाईंनी विचारले.

चोंग यांनी रवीचंद्रनकडे पाहिले. रवीचंद्रन खिडकीबाहेर पाहत होता.

"कधीच नाही, मॅडम."

"आणि मशीन बंद ठेवलं तर?"

"मी बंद ठेवत नाही."

"पण समजा ठेवलंच. किती चढेल ओलावा?"

"भिंतींना लेप दिलाय, मॅडम. वर पाऊस कोसळला तरी थेंब धरायच्या नाहीत."

"सगळ्या भिंतींना?"

"सगळ्या. वरचा मजला तर दोनदा घेतला."

बाईंनी बोटाच्या पेराने भिंत चाचपून पाहिली. पेरावर काहीच आले नाही. त्यांनी आर्द्रतामापक पिशवीत टाकला.

"वर कोणी राहणार आहे का?" चोंग यांनी विचारले.

रवीचंद्रनला खोकला आला.

"बरेच जण," बाई म्हणाल्या. "दिवसभर बाहेर असतात. अंधार पडला की परततात."

हातमोज्यांच्या कारखान्यातले कामगार असतील, असे चोंग यांनी धरले. "मग त्यांना कोरड्या हवेत झोप छान लागेल," ते म्हणाले.

बाई किंचित हसल्या. निघताना दारात थांबून त्यांनी मान लववली. "इतकं चोख काम मी कुठे पाहिलं नाही, अंकल. अगदी खरं सांगते."

त्या गेल्यावर रोहायाने टाळी वाजवली. "झालं! खोली पक्की. आता कॉफी पाजा, आणि दूध घालायला कंजुषी करू नका."

चोंग यांनी कॉफी आणवली. रोहाया बराच वेळ हसत, बोलत राहिली. आनंद उशिरा येत असेल, असे समजून ते वाट पाहत राहिले.

आठवडा उलटल्यावर रवीचंद्रन आला. खुर्ची पुढे केली, तरी बसला नाही.

"बाईंनी गावाबाहेरचं बंद थिएटर घेतलं, अंकल."

"ते?" चोंग म्हणाले. "त्याचं छप्पर गळतं. आतल्या भिंतींवर बोटभर शेवाळ आहे."

"हो."

"आमच्या इमारतीत काय कमी होतं?"

"आधी त्यांच्या मनात हीच होती. पण त्यांच्या धंद्याला भर बाजारात सहसा परवानगी मिळत नाही. म्हणून त्यांनी मला बोलू दिलं नाही." रवीचंद्रनने खिशातून रुमाल काढला आणि तो हातातच धरून ठेवला. "त्या पाकोळी पक्षी पाळतात, अंकल. त्यांची घरटी सूप करायला विकतात. आणि हवा न् भिंत दमट असल्याशिवाय पाकोळीचं घरटं चिकटत नाही."