वामनरावांची गरी

पुढं सरका बाप्पा, अजून थोडं पुढं. दारात बसून ही गोष्ट ऐकू यायची नाही. एका गरीची आहे, मासोळी धरायच्या बांबूच्या काडीची. राग फार आहे तिच्यात. पण धीर धरून ऐका.

पाचव्यांदा कणीक गेली आणि मासोळी आली नाही, तेव्हा इंदुताईंनी तलावालाच शिवी हासडली.

"वैनी, तुमी मासोळी धरून राह्यल्या का भांडून राह्यल्या?" मुखरूभाऊ काठावर जाळं विणत बसले होते. जन्म त्यांचा या तलावावर गेला. तिथूनच त्यांनी धडा सुरू केला. "सावली पाण्यावर पाडू नोका. मागं सरका, बसा. कणीक लिंबाएवढी नोका लावू, चण्याएवढी लावा. बारीक मासोळीचं तोंड बारीक राह्यते. अन् मधात काऊन टाकता? गवताच्या कडेले टाका. जवारीच्या धांड्याचा तुकडा तरंगते न, तो हालला का ओढू नोका. बुडू द्या. मंग मनगट उचला. नुसतं मनगट, खांदा नाई!"

इंदुताईंना आयुष्यभर खांद्यानंच ओढायची सवय. त्यांचे दात करकरले.

बारा वर्षांपूर्वी त्यांनी तुळशीची माळ घातली. त्या दिवशी घरात मोठं भांडण झालं. वामनराव म्हणाले, "माळ तुझी, गरी माझी." तेव्हापासून नवऱ्याचं ताट ओसरीत. पाण्याचा गिलास वेगळा. तलावावरून आले की विहिरीवर अंघोळ, मगच उंबरा. आणि रोज सकाळी हा माणूस गुमान हात पुढं करायचा, की इंदुताई कणकेचा गोळा त्या हातावर आपटायच्या. मासोळीच्या पापाला आपल्या हातची कणीक! बारा वर्षं तो गोळा आपटताना त्यांचा जीव जळत होता.

पंधरा दिवसांपूर्वी वामनरावांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. चार दिवसांपासून त्यांनी तोंडच मिटलं. भात नाही, पेज नाही. फक्त डावा हात उचलून दारावरच्या गरीकडे दाखवायचे. डॉक्टरनं सांगितलं होतं, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर गडचिरोलीला न्या, नाकातून नळी घालावी लागेल.

"मरतानाबी याले मासोळीच पाह्यजे!" इंदुताई किंचाळल्या. मग माळ काढून देवाजवळच्या खुंटीला लावली, गरी उतरवली, तिच्याशेजारचा पत्र्याचा डबा उचलला आणि निघाल्या.

सहाव्यांदा धांड्याचा तुकडा हालला. त्यांनी हालू दिला. तो बुडला. त्यांनी नुसतं मनगट उचललं, अगदी मुखरूभाऊंनी सांगितलं तसं. दोर रिकामाच वर आला.

गरी त्यांनी फेकून दिली. "बारा वर्सं माह्या नवऱ्याच्या मासोळ्या तुमच्या घरी शिजल्या, मुखरूभाऊ! तुमच्या बायकोनं, चंदानं रांधल्या, तुमी बसून खाल्ल्या. अन् आज मले एक भेटत नाई!"

मुखरूभाऊंचा हात थांबला.

"माह्या घरी? वैनी, वामनभाऊची मासोळी म्या डोळ्यानं पाह्यली नाई. एकबी नाई! आमी तं हासत होतो त्याले. हाताले गुणच नाई म्हनत होतो. चंदाले दया ये. चार घेऊन जा म्हने आमच्यातल्या. तं हा हात जोडे."

ते उठले. गरी उचलली, दोर बोटांतून शेवटापर्यंत सोडला. पुन्हा एकदा सोडला.

"वैनी, गळ कुठी हाय, लोखंडाचा आकडा?"

"हे काय, गाठ. इलेच तं कणीक लावली. निघतानी ते अशीच लावत, म्या दारातून पाह्यलं."

"गाठीनं मासोळी धरते काय जी?"

गाठ जुनी होती. कणीक लावून लावून गुळगुळीत झालेली. मुखरूभाऊंनी डबा उघडला. दर पोळ्याला त्यांनीच दिलेल्या गळांच्या पुड्या आत तशाच होत्या. एकीचाही दोरा सुटला नव्हता. गळ कागदातच गंजले होते.

काठाशी बारीक मासोळ्या जमल्या होत्या. इंदुताईंची सावली सरळ पाण्यावर पडली होती, तरी एकही पळाली नाही.

इंदुताईंचा राग गेला नाही. त्यानं फक्त जागा बदलली. उरलेल्या कणकेच्या त्यांनी चिमट्या केल्या आणि एकेक पाण्यात टाकली, प्रत्येकीला नवऱ्याच्या नावानं एक शिवी देऊन.

घरी येऊन त्यांनी गरी खाटेवर आदळली.

"बारा वर्सं ओसरीत जेवले, थंडीत विहिरीवर न्हाले, अन् एक शब्द नाई! तोंड होतं तवा काऊन नाई बोलले? का माह्यासमोर हारले असते म्हनून?"

वामनरावांच्या ओठांचा डावा कोपरा हलला. लाज होती की हसू, देव जाणे.

इंदुताईंनी स्वतःच्या ताटात वरण-भात कालवला आणि खाटेला टेकून बसल्या. घास पुढं केला.

"टाकली कणीक. समद्या मासोळ्या जेवल्या तिकडं. आता तुमी."

वामनरावांनी तोंड उघडलं.

तर मायबापहो, कुठल्या पाण्याकाठी चिमूटभर कणीक टाकाल, तेव्हा बिनगळाच्या वामनरावांची आठवण ठेवा. आणि तुमच्या घरात कुणाचं ताट ओसरीत वाढलं असेल, तर त्याआधी त्याची.