थेट प्रश्न विचारावा

सकाळी सात वाजता आप्पांनी प्रिंटरवाल्यांच्या मदत-ग्रुपवर लिहिलं होतं, ‘नमस्कार. कोणी आहे का?’ आता एक वाजत आला. तीनशे बारा जणांनी ते वाचलं होतं आणि एकानेही ओ दिली नव्हती.

पडवीत साठ पेट्या हापूस बांधून तयार होता. चारला टेम्पो यायचा, आणि मुंबईचा व्यापारी बारकोडचं लेबल नसलेली पेटी उतरवूनच घेत नाही. नवा लेबल-प्रिंटर मात्र सकाळपासून घरघर करत नुसती कोरी लेबलं बाहेर टाकत होता.

“तीनशे माणसं आत बसलीयत आणि एक बाहेर येत नाही,” आप्पा सुनेला म्हणाले. “कसली माणसं म्हणायची ही?”

दर्शनाने फोन बघितला आणि कपाळाला हात लावला. “आप्पा, तिथे अशी हाक मारून थांबत नाहीत. वर नियम लिहिलेत बघा. थेट प्रश्न विचारावा. काय अडलंय, काय करून पाहिलं, सोबत फोटो. नमस्कारसुद्धा नको.”

“म्हणजे दारापुढच्या खळ्यात थांबायचं नाही, ओ येईस्तोवर वाट बघायची नाही, सरळ लोकांच्या माजघरात घुसून मागायचं?”

“हो. टेम्पो यायचाय.”

टेम्पोपुढे आप्पांचं काही चालेना. त्यांनी दातओठ खात लिहिलं, ‘समस्या: लेबल कोरं येतं. करून पाहिलं: बंद-चालू केला, पुसला, गणपतीसमोर ठेवला.’ शेवटचं दर्शनाने खोडलं.

चौथ्या मिनिटाला शुभंकर नावाच्या अ‍ॅडमिनचं उत्तर आलं. ‘रोल उलटा असेल. नख ओढून बघा. काळी रेघ उठेल ती छापायची बाजू.’

रोल उलटाच होता. सव्वातीनला साठाव्या पेटीवर लेबल बसलं. आप्पांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आभाराचा भला मोठा मजकूर टाकला, त्यात शुभंकरच्या आईवडिलांनाही नमस्कार घातला. मिनिटभरात तो उडाला. खाली शेरा: ‘आभाराचे मेसेज नकोत. गर्दी होते.’

हे मात्र आप्पांना लागलं. उपकार घ्यायचे आणि तोंड मिटून बसायचं, असं त्यांच्या घरात आजवर कोणी केलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, नियम पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि लिहिलं, ‘समस्या: एक पेटी जास्त झाली. करून पाहिलं: घरात खाल्ले, शेजारी वाटले. फोटो जोडला आहे. हवी ती मदत: शुभंकर यांचा पत्ता.’

“आता काढ म्हणावं यात खोट,” ते म्हणाले.

या खेपेला उत्तर ग्रुपवर नाही, आप्पांच्या एकट्याच्या फोनवर आलं. पत्ता होता, पिनकोडसकट. खाली आणखी एक ओळ होती: ‘सर, पेटी आली की आंबे लगेच फ्रिजमध्ये ठेवायचे ना?’

आप्पांनी ती ओळ दोनदा वाचली.

“विचारा की त्याला,” दर्शना हसू दाबत म्हणाली, “आधी काय करून पाहिलंत म्हणून.”

“गप गो.”

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, पण आप्पा जागचे हलले नाहीत. एकेक अक्षर शोधत ते लिहीत होते, ‘नमस्कार. हिरवा आंबा आणि फ्रिजमध्ये? अहो, घरात कोणी मोठं माणूस नाही का?’