सांगलीहून आणलेला पंखा

मोठी फाईल उघडली की बुद्धभूषणचा कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. ग्राफिक्स कार्डाचा पंखा पार जाम झाला होता. आणि नेमका उद्या रविराजचा वाढदिवस! उजाडायच्या आत तासगावच्या चौकात आपला फ्लेक्स लागलाच पाहिजे, म्हणून तो सकाळपासून बुद्धभूषणच्या फ्लेक्सच्या दुकानात ठाण मांडून होता.

"नवा पंखा उद्या यील, गड्या," बुद्धभूषण म्हणाला.

"उद्या आणून काय त्येची पूजा घालू? सांगलीला जातो न् आत्ता घिऊन येतो." बोलता बोलता रविराजनं गाडी चालूसुद्धा केली.

दिवस मावळताना पंख्याचं खोकं घेऊन आला तो त्याचा दोस्त तानाजी. खोक्याचा एक कोपरा चेपला होता, पण आतला पंखा शाबूत होता.

"रविराज कुठाय रं?"

"तू आदी पंखा बसव."

बुद्धभूषणनं कार्ड खोललं, जुना पंखा काढून नवा बसवला आणि फाईल उघडली. पडद्यावर गॉगल लावलेला रविराज हसत होता. खाली शुभेच्छुक म्हणून तानाजी आणि बाकीचे दोस्त.

"फोटू त्योच ठेव," तानाजी भिंतीकडं बघत म्हणाला. "वर निस्तं श्रद्धांजली कर."

'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' खोडता खोडता बुद्धभूषण थांबला. कॉम्प्युटर आता बंद पडेल, मग बंद पडेल, म्हणून वाट बघत राहिला.

पंखा झकास फिरत होता.