चौदा महिने

लिंडग्रेननी वही मिटली आणि पेन्सिल कानावर ठेवली. जगन्नाथ वानखड्यांना तेवढ्यावरून कळलं. शोभाला कळायला वेळ लागला. तिचे डोळे अजून बर्फावर होते. तिथं तिचा मुलगा चारूदत्त उलटं स्केटिंग करत, अंगावर येणाऱ्या एका धिप्पाड पोराला हळूहळू कडेच्या फळीकडे नेत होता.

"पोरगा चांगला आहे," लिंडग्रेन म्हणाले. तीस वर्षं ते मिनेसोटातल्या बर्फाच्या रिंकांवर हिंडून बचावाला खेळणारी पोरं पारखत आले होते. ते हो म्हणाले तर चारूला ज्युनिअर संघात जागा होती. नाही म्हणाले तर त्याची हॉकी इथंच संपणार होती. "पाय हलके आहेत. नजर त्याहून चांगली. बाकीची पोरं त्या काळ्या चकतीकडे बघतात, हा समोरच्याच्या छातीकडे बघतो. ते शिकवून येत नाही. पण मिसेस वानखडे, बचावाला अंग लागतं. सोळाव्या वर्षी मनगटं एवढीच, तर अठराव्या वर्षी किती होणार? माझ्याकडे जागा एकच आहे. ती अजून वाढायच्या पोराला द्यावी लागेल."

"थँक यू, सर," म्हणत जगन्नाथ उठले.

शोभा बसून राहिली.

अकरा वर्षांपूर्वी ती अकोल्यात तार ऑफिसात नोकरीला होती. जगन्नाथ आधीच अमेरिकेत आले होते. थोरल्या उत्तराला तिनं पहिलीत घातलं, तर धाकटा चारू शाळेच्या फाटकाला धरून रडत बसला. एक दिवस नाही, चार दिवस. घरी सांभाळायला कुणी नव्हतं. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "बसू दे बहिणीजवळ. वयाचं मी बघतो." त्यांनी जन्मतारीख एक जून लिहिली. वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मलेली होती. चारूचं मात्र सालही एकानं मागं गेलं. खरा तो पुढच्या सालच्या नागपंचमीचा.

शाळेचा दाखला पासपोर्टवर चढला. पासपोर्टवरून इथल्या शाळेत गेला, शाळेतून सात वर्षांपूर्वी हॉकीच्या अर्जावर. दर एक जूनला केक कापायचा आणि नागपंचमीला शोभानं त्याला ओवाळायचं, असं घरात चालत आलं होतं. मित्रांनी विचारलं तर चारू सांगायचा, "दॅट्स माय तिथी." दोन वाढदिवसांमध्ये एक अख्खं वर्ष दडलंय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मिस्टर लिंडग्रेन," शोभा म्हणाली, "एक सांगायचं आहे."

जगन्नाथनी तिच्या कोटाची बाही धरली. "शोभा, नको," ते मराठीत पुटपुटले. "पुढच्या महिन्यात नागरिकत्वाची मुलाखत आहे. तिथंही तोच कागद दिलाय."

"मला ठाऊक आहे."

"खोटा कागद म्हणतील. चौघांनाही परत धाडतील. एका खेळापायी?"

"खेळापायी नाही हो. आज घरी जाऊन त्याला वाटेल, आपणच कमी पडलो. जन्मभर वाटत राहील. तो कमी नाही पडला. मी पाडलाय."

जगन्नाथनी बाही सोडली. ते पुन्हा शेजारी बसले.

शोभाचं इंग्रजी दुकानापुरतं, ऑफिसापुरतं होतं. तेवढ्यात तिनं सगळं सांगितलं. फाटक सांगितलं, हेडमास्तर सांगितले, तारीख सांगितली. महिने तिनं बोटांवर मोजून दाखवले. "माझा मुलगा सोळाचा नाही. चौदा महिने मी वाढवलेत. जे करायचं ते मला करा, त्याला नको."

लिंडग्रेननी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली.

"तीस वर्षांत माझ्याकडे वय चोरणारे आईबाप पुष्कळ आले," ते म्हणाले. "वाढवून आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"कागदाचं काय होईल?" जगन्नाथनी विचारलं.

"तुमचा कागद सरकारचा. त्याचं वकिलाला विचारा, आणि लवकर विचारा. मी पोलीस नाही. मला फक्त अंगाचं वय हवं होतं."

तेवढ्यात शिट्टी झाली. चारू बर्फावरून बाहेर आला. त्यानं हेल्मेट काढलं तशी ओल्या केसांतून वाफ निघाली. बाबा खाली बघत होते. आईचे डोळे भरलेले होते. त्याला वाटलं, काय झालं ते आपल्याला कळलं.

"आई, इट्स ओके," तो म्हणाला. "आय नो, मी लहान पडतो. बाबा, चला ना, कार काढा. आई इथं गारठेल."

"माझ्यामुळे रे बाळा," शोभा म्हणाली. "तुझं एक वर्ष मी खाल्लं."

चारू बघतच राहिला. त्याला त्यातलं काही कळेना. त्यानं ओला हातमोजा काढला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

लिंडग्रेनना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण रडणं त्यांनी पुष्कळ बघितलं होतं. कानावरची पेन्सिल त्यांनी काढली, वही उघडली, सोळाचा आकडा मागच्या रबरानं सावकाश पुसला आणि वर बघितलं.

"रडता कशाला, मिसेस वानखडे? सात वर्षं हा पोरगा आपल्याहून मोठ्या पोरांना अडवत आलाय, आणि ते आपण दोघं आज पहिल्यांदा बघतोय."