बेटावरचे मंत्री

पॅसिफिक महासागरातल्या कुठल्याशा बेटावर पुन्हा मंत्रिमंडळ बदललं, ही बातमी वाचून व्यंकटरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आपल्या कळमनुरी तालुक्याएवढा देश नाही, अन् तीच ती टाळकी नुसत्या खुर्च्या बदलून राहिलीत. थू!" असं बायकोला, गंगूताईंना ऐकवून ते देवळाच्या विश्वस्तांच्या बैठकीला गेले.

परतले ते गळ्यात हार घालूनच. "थोरल्या दादांचं अध्यक्षपद यंदा मला, माझं सचिवपद धाकट्याला, धाकट्याची तिजोरी दादांना. बराबर जमलं!"

गंगूताईंनी हार खुंटीला लटकवला.

"अहो, त्या बेटाच्या चहूकडं समुद्र. नवी माणसं आणावीत कुठून बिचाऱ्यांनी? आपल्या देवळाच्या चहूकडं तर गाव आहे."