सोड

"दोघांपैकी एकच राहणार," धुलाई कारखान्याचा मालक म्हणाला. "आणि ते मी ठरवत नाही. तुम्हीच सांगा, भोंगा हवाय की मॅडम?"

मशिनं बंद करून सगळ्या बायका ओल्या चादरींच्या ढिगांपाशी उभ्या होत्या. मालकानं मुकादमाला तोंडावर भोंगा म्हटलं तशा दोघीतिघी फिसकन हसल्या. भोंग्याला त्याचं काही नव्हतं. "ए आंधळे", "ए म्हशे" अशी एकेकीची हजेरी घेतल्याशिवाय त्याची पाळी सुरूच व्हायची नाही. दुसऱ्या पाळीच्या मॅडमचा कारभार अगदी उलटा. त्यांनी आल्या आल्या आरडाओरडा बंद करून टाकला होता. कुणाचं चुकलं तर जवळ यायच्या, खांद्यावर हात ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आपण जरा बघूया का?" त्यांच्या पाळीत काम जास्त निघायचं, वर कुणी रडत घरी जात नसे. मग यात विचार तो काय करायचा?

रोलरवरच्या मावशीला मालकाचं बोलणं अर्धंमुर्धंच कळलं होतं. मशिनाच्या धडधडीत तिचे कान केव्हाच कामातून गेले होते, आणि ही गोष्ट तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. सांगणार कशी? चादरींना इस्त्री करणाऱ्या तापलेल्या रोलरवर दोघी लागतात. दोघींनी चादरीचं एकेक टोक धरायचं, कड आत शिरली की एकीनं "सोड" म्हणायचं आणि दोघींनी एकदम हात काढायचे. जिला "सोड" ऐकू येत नाही, तिला तिथं कोण उभं करील? आणि रोलर गेला की पगार गेला. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात कमावणारी ही एकटी.

भोंग्याच्या पाळीत तिला घोर नव्हता. तिथं "सोड" तोच ओरडायचा, पार हॉलच्या दुसऱ्या टोकावरून. मॅडमच्या पाळीत मात्र जोडीदारीण ते शेजारणीकडे हळूच मीठ मागावं तसं म्हणायची. परवा तिनं म्हटलं आणि मावशीनं सोडलंच नाही. चादर टरकन फाटली, जोडीदारणीची बोटं भाजता भाजता वाचली. मॅडम एका शब्दानं रागावल्या नाहीत. जवळ येऊन मायेनं एवढंच विचारलं, "मावशी, कमी ऐकू येतं का तुम्हाला?" काय विचारलं ते न कळताच मावशी नेहमीसारखी हसली आणि म्हणाली, "हो मॅडम."

"मॅडम हव्यात त्यांनी हात वर करा," मालक म्हणाला.

भराभर हात वर झाले. ते बघून मावशीला काय चाललंय ते कळलं. तिनं आपला हात पदराखालीच ठेवला.

"आणि भोंगा?"

सगळ्या हॉलमध्ये एकच हात वर गेला.

"अगं बाई, डोकं फिरलं का तुझं?" जोडीदारीण म्हणाली. "रोज म्हैस म्हणवून घ्यायची हौस आहे वाटतं हिला!"

हशा पिकला. भोंगाही त्यात सामील झाला. "घ्या साहेब! माझ्या बाजूनं कोण, तर ही!" तो गरजला. हे मात्र मावशीला स्वच्छ ऐकू आलं. ती मेल्याहून मेल्यासारखी झाली, पण हात तिनं खाली घेतला नाही.

"ठरलं तर," मालक म्हणाला. "दोन्ही पाळ्या मॅडमच्या."

मॅडमनी कुणाकडून हारतुरे घेतले नाहीत, भाषण केलं नाही. त्या आधी मावशीकडे आल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, तुमच्यावर माझा मुळीच राग नाही," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "पण उद्या कुणाचा हात गेला म्हणजे? आपण कुणाला काढत नाही. तुम्ही आपणहून थांबायचं ठरवलंय, असं सांगूया सगळ्यांना. चालेल ना?"

मावशीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा किती शांत, किती प्रेमळ! आपण भोंग्याच्या बाजूनं हात वर केला तरी या बाईनं मनात काही धरलं नाही, या विचारानं तिला भरून आलं.

"हो मॅडम," ती म्हणाली. "चालेल की."

मॅडम सगळ्यांकडे वळल्या. "मावशींनी आता घरी आराम करायचं ठरवलंय. इतकी वर्षं त्यांनी आपल्याला साथ दिली."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमना बढती मिळाली म्हणून टाळ्या वाजताहेत, असं मावशीला वाटलं. नव्या साहेबाची मर्जी राखायला हवी म्हणून तीही वाजवू लागली, सगळ्यांहून जोरात. जोडीदारणीनं मान फिरवली. बाकीच्या नुसत्या बघत राहिल्या.

"अगं ए म्हशे!" भोंगा केवढ्यांदा तरी ओरडला. "टाळ्या कसल्या पिटतेस? तुलाच काढलंय!"

टाळ्या थांबल्या. मावशीच्याही.

"बघितलंत?" मॅडम मालकाला हळूच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. मालकानं मान हलवली. असल्या माणसाला ठेवायचं तरी कसं, म्हणून बायकाही चुकचुकल्या. नशीब, आपण योग्य निवड केली.

मावशी त्या सगळ्यांमधून वाट काढत भोंग्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं सगळ्यांदेखत कानामागं हात धरला.

"कधीपासून?"

भोंग्यानं तोंड उघडलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाशी हळू बोलला.

"उद्यापासून," तो पुटपुटला.

"काय?" मावशीनं विचारलं.