धनेशाची दचक

धनेशाचं पिल्लू ढोलीतून पहिल्यांदा बाहेर पडताना टिपलं, तर हेमांगी परुळेकरांना पुस्तकाचं मुखपृष्ठ मिळणार होतं आणि पुढल्या कार्यशाळांना रांग लागणार होती. कित्येक वर्षं त्या या एका फोटोच्या मागे होत्या.

आज कार्यशाळेतले सगळे ढोलीसमोर कॅमेरे रोखून बसले होते. तेवढ्यात त्यांचे विद्यार्थी, निवृत्त बँक मॅनेजर आगाशेकाका, यांनी बॅगेचा वेल्क्रो चर्रकन उघडला. कॅमेऱ्यांना आता पाखरांच्या काळजाचे ठोके ऐकू येत. पिल्लासाठी फळ घेऊन आलेल्या नराचे ठोके भडकले, तो चोचीतल्या फळासकट उडाला आणि सगळे कॅमेरे बंद पडले. कायदाच होता: पाखरू दचकलं, की कुणीतरी आपल्या कॅमेऱ्यावर अंगठा टेकवून ती दचक आपल्या नावावर घ्यायची. त्याचा कॅमेरा वर्षभर बंद, बाकीच्यांचे लगेच चालू.

"मॅडम, चूक माझी," काकांनी अंगठा पुढे केला.

"वेल्क्रोची बॅग आणू नका, हे सांगायला मीच विसरले." आदल्या संध्याकाळी तेच बजावून त्यांचा घसा बसला होता. "कार्यशाळा माझी, तर दचकही माझी." त्यांनी स्वतःचा अंगठा टेकवला.

"अहो, पण तुमचं पिल्लू?"

"पिल्लू त्याच्या आईचं. तुम्ही फोकस बघा, आणि बॅगेला हात लावाल तर याद राखा."

नर परतला. थोड्या वेळाने पिल्लाने ढोलीबाहेर येऊन पंख उघडले.

फोटो काकांना मिळाला, आभाळ पिल्लाला मिळालं. किंमत एकट्या हेमांगीबाईंनी मोजली, तीही कॅमेरा हलू नये म्हणून काकांची कोपरं मागून घट्ट धरून.